स्पंजची ऐरण

मावशीच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाने दोन गोष्टी सांभाळाव्यात, एक कंबर आणि दुसरी इभ्रत. खुर्चीवर बसलात तर खुर्ची बेडकासारखी ओरडायची. आरशापुढे उभे राहिलात तर आरसा तुम्हाला लग्नात तट्ट जेवून आलेल्या पाहुण्यासारखा फुगवून दाखवायचा. नाटकांना कपडे आणि सामान भाड्याने देणारं दुकान ते. राजांचे मुकुट, पोलिसांच्या वर्द्या, भुतांची हाडं, सगळं एका छताखाली गुण्यागोविंदाने नांदायचं. मावशी पन्नाशी ओलांडलेली, गोल गरगरीत. सगळा बाजार तिला मावशी म्हणायचा, पण सख्खा भाचा एकच, तो म्हणजे वकील.

दुकानातला सगळ्यात मोठा चावटपणा दारातच मांडलेला होता. ऐरण. काळीकुट्ट, कडा झिजलेल्या, वर हातोड्याचे खड्डे. मावशी गिऱ्हाइकाला लाडात म्हणायची, "जरा एवढी बाजूला घेता का हो?" गिऱ्हाईक बाह्या सरसावायचं, वाकायचं, दम धरायचं आणि जीव खाऊन उचलायचं. ऐरण स्पंजची! सगळा जोर हवेत. ऐरण छताला, गिऱ्हाईक पाठीवर आणि मावशी पोट धरून खुर्चीत. आजवर एकही सुटला नव्हता. टपालवाला पडला, पाण्याचा मीटर बघणारा पडला, भाचा तर दोनदा पडला.

दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र एक वेगळा रॅक होता, आणि तो नाटकवाल्यांना दाखवला जात नसे. त्याचं नाव बिचारीचा रॅक. फिकट राखाडी झगे, मनगटाच्या खाली येणाऱ्या सैल बाह्या, धुऊन धुऊन विटवलेल्या शाली. भाच्याकडे एखाद्या बाईची केस आली की तो तिला कोर्टाआधी इथे आणायचा. मावशी तिची नखं कापायची, चकाकणारी बटणं काढायची, केस घट्ट बांधून त्यातली एकच बट सोडायची. "ही बट म्हणजे अर्धा जामीन," असं ती म्हणायची.

हा रॅक गंमत म्हणून सुरू झाला नव्हता. पूर्वी शेजारच्या गाळ्यात एक टोपीवाली होती, मावशीची जिवाभावाची. ती आणि तिचा भागीदार नकली घड्याळं विकताना पकडले गेले. दोघांचा गुन्हा एकच, घड्याळंही तीच. भागीदार मान खाली घालून उभा राहिला, आणि जज म्हणाले, वाट चुकलेला माणूस आहे. टोपीवाली लाल लिपस्टिक लावून, हसत उभी राहिली. जज म्हणाले, "बाई असून!" भागीदार घरी गेला, टोपीवाली आत गेली. त्या दिवशी मावशीला कळलं की कोर्टात बाईसाठी दोनच वाक्यं असतात. एक "बाईच ती, बिचारी" आणि दुसरं "बाई असून!" तिसरं नाही. मग तिने ठरवलं, आपल्या हातून जाईल ती पहिल्या वाक्याच्या दारातून जाईल.

तर एके दुपारी भाचा आला. यावेळी ऐरणीला वळसा घालून.

"मावशी, एक बिचारी हवी. कडक."

"कुठली देऊ? आजारी, लेकुरवाळी, का नवऱ्याने टाकलेली?"

"विधवा. अंगात ताकद नसलेली. ताकदीवरच केस आहे सगळी."

केस अशी होती. कापडाच्या एका गोदामातून वर्षभर तागे गायब होत होते. सोफ्याचं जाडजूड कापड; एकेक तागा म्हणजे आडवा झोपलेला माणूस. गोदामाची चावी तिथे कामाला असलेल्या हिच्याकडे, टेम्पो हिच्या दिराचा, आणि टेम्पोत माल सापडलेला. पोलिसांचं म्हणणं, दिराने वहिनीला धमकावून चावी घेतली आणि तागे उचलले. वहिनीला जामीन मिळाला, दीर आत बसला.

"आणि दीर काय म्हणतो?" मावशीने विचारलं.

भाचा हसला. "म्हणतो, वहिनीनेच तागे चढवले. मालकाने पाठवलेत असं तिने सांगितलं, मी नुसता टेम्पो चालवला. ऐकून इन्स्पेक्टर खुर्चीतून पडायचा बाकी होता. बाईच्या मागे लपतोय लेकाचा! परवा मी अर्ज टाकतोय, हिचं नाव केसमधून काढा म्हणून. जजसाहेबांनी हिला एकदा डोळे भरून पाहिलं की काम झालं."

"आणि दिराचं?"

"त्याचा वकील सरकारने दिलाय. उभ्या उभ्या झोपतो. दीर जाईल आत दोन-तीन वर्षं."

तेवढ्यात दारात दोघी आल्या. पुढे वहिनी, चाळिशीची, रुंद हाडाची पण खांदे पाडून चालणारी. मागे काठी टेकत तिची सासू. दुकानाच्या पायऱ्या उंच आणि म्हातारीचा खुबा मोडलेला. मावशी टेप घ्यायला वळली आणि मनात म्हणाली, ही कशी चढणार आता? टेप घेऊन फिरली तर म्हातारी पायऱ्यांवर नव्हतीच. खुर्चीत होती. खुर्ची बेडकासारखी ओरडली, म्हातारी हसली नाही.

मावशीने तिच्याकडे पाहून घेतलं. पातळ ओठ, टोकदार हनुवटी, बारीक डोळे. नाटकात सासू द्यायची झाली तर रंगरंगोटीचा खर्च वाचेल अशी.

"वकीलबाबा," म्हातारी म्हणाली, "एक सांगू का? ही चोर आहे."

सून जमिनीकडे बघत राहिली. भाच्याने हात जोडले. "आजी, सगळ्या सासवा हेच म्हणतात."

"इन्स्पेक्टरपण हेच म्हणाला."

"मग!"

"मग ज्या सासूची सून खरंच चोर असेल, तिने काय म्हणायचं रे बाबा?"

भाचा खो खो हसला. मावशीही हसली. हसता हसता तिने सुनेकडे पाहिलं, आणि तिला त्या पडलेल्या खांद्यांची इतकी दया आली की म्हातारीचा रागच आला. एक लेक आत, तर सुनेलाही आत ढकलायला निघालीय थेरडी. घरात काय जाच करत असेल!

मापं झाली. मावशीने टेप गुंडाळला. बाई बिचारी, मन हलकं करावं तिचं, म्हणून तिने नेहमीचा डाव टाकला.

"जाता जाता ती ऐरण जरा बाजूला घेतेस का गं?"

सून वाकली. दोन्ही हात ऐरणीला लावले. चेहरा आक्रसला, मानेची शीर फुगली, तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. ऐरण तसूभरही हलली नाही. "नाही हो मावशी," ती धापा टाकत म्हणाली, "मला नाही झेपायची."

मावशी हसायची राहिली.

दोघी गेल्या, भाचा गेला. मावशी ऐरणीजवळ उकिडवी बसली. एका बोटाने ढकलली, ऐरण घरंगळत भुतांच्या हाडांपर्यंत गेली. ज्या वस्तूला मांजर पाडतं, ती वस्तू ही बाई हलवू शकली नाही. म्हणजे हिने जोर लावलाच नाही. नुसता चेहरा लावला. खरी कमजोर बाई निदान ओढून तरी बघते, आणि ओढलं असतं तर बाकीच्यांसारखी हीसुद्धा उताणी पडली असती.

मावशीला तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी गंडवलं होतं. तेही तिच्याच दुकानात, तिच्याच ऐरणीवर. आणि पायऱ्या? म्हातारी पायऱ्या चढली कशी?

दुसऱ्या दिवशी सून झगा घालून बघायला एकटी आली. मावशीने आतून कडी लावली.

"छान बसलाय," सून पुटपुटली. बट आपोआप सुटलेली होती. मावशीने न सोडता.

"ती ऐरण घे जरा इकडे."

"कालच म्हटलं ना मावशी, माझ्या हातात—"

मावशीने ऐरण करंगळीवर उचलली आणि तिच्या अंगावर फेकली. सुनेने ती झेलली. हातातल्या स्पंजकडे बघत राहिली. मग तिचे खांदे वर आले. पडलेले खांदे असे सावकाश, आपापल्या जागी परत आले, आणि झग्याची शिवण काखेत टरकन उसवली.

"हात्तिच्या," ती म्हणाली. आवाजही वेगळाच. "तुम्ही तर माझ्याही वरताण निघालात."

"तागे तू उचललेस."

"मग काय त्या बारक्याने? त्याला स्वतःची पँट उचलवत नाही."

"आणि पोराला आत घातलंस! लाज नाही वाटत?"

सून खुर्चीवर बसली. खुर्ची ओरडली, तशी ती खुदकन हसली. मग म्हणाली, "मावशी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. इन्स्पेक्टरच्या समोर बसून. मी केलं, एकटीने केलं, दिराला काही ठाऊक नाही. तो काय म्हणाला सांगू? 'बाई, घाबरू नका. कोणी शिकवलंय हे बोलायला?' मला चहा मागवला. दाराला पडदा लावला. म्हणे, दीर मारतो का? मी नाही म्हटलं तर म्हणाला, बघा किती घाबरलीय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी नुसतीच गप्प बसले. त्याने लगेच लिहून घेतलं, आणि मला गाडीने घरी सोडलं."

"गोदामातले हमाल? त्यांना तर ठाऊक असेल."

"हमाल चहाला गेले की त्यांचे तागे मीच लावायचे. पण ते कोर्टात येऊन सांगतील का, आमचं काम बाई करायची म्हणून?"

मावशीला हसू येत होतं आणि तिने ते दाबून धरलं होतं. "चोरी कशासाठी केलीस?"

"हे बरं आहे. पुरुषाने चोरी केली तर विचारतात कशी केली. बाईने केली तर विचारतात कशासाठी. मूल आजारी होतं का, कोणी यार होता का. मला यायची चोरी, म्हणून केली. छान यायची." मग ती थोडी थांबली. "आता मात्र भीती वाटते, हे खरं. मी आत गेले तर म्हातारीला उचलणार कोण? खुबा मोडल्यापासून सकाळ-संध्याकाळ मीच उचलते तिला. न्हाणीत, खाटेवर, सगळीकडे."

आणि तिचा आवाज कापला.

आता हे खरं, का हीसुद्धा ऐरणच? मावशीला कळेना. बट सुटलेली, डोळे भरलेले, आवाज कापरा. हे सगळं मावशीने स्वतः किती जणींना शिकवलं होतं! डोळ्यांत पाणी आणताना छताकडे बघायचं, हेसुद्धा. ही छताकडे बघत होती.

"झगा काढ," मावशी म्हणाली. "शिवण घालून ठेवते."

संध्याकाळी तिने भाच्याला गाठलं. सगळं सांगितलं. तो कानांवर हात ठेवून बसला.

"मावशी, मी काही ऐकलं नाही. मी तिचा वकील आहे, जज नाही. आणि कोर्टात मी काय सांगू, की माझी अशील स्पंजची ऐरण उचलू शकली नाही म्हणून ती चोर आहे? मलाच वेड्यांच्या इस्पितळात घालतील."

"आणि तो दीर?"

"त्याने वहिनीचं नाव घेतलं तिथेच तो मेला. कोण विश्वास ठेवणार? तू ठेवला होतास?"

मावशीने ठेवला नव्हता. म्हातारीवरही ठेवला नव्हता. ज्या रॅकने टोपीवालीसारख्या बायका वाचवायच्या, त्याच रॅकवरचा झगा आता एका निरपराध पोराच्या गळ्याला लागला होता, आणि त्याची उसवलेली शिवण मावशीलाच घालायची होती.

सकाळी सून वकिलाकडे गेलेली बघून मावशी तिच्या घरी पोचली. एक खोली, एक खाट, खाटेवर म्हातारी.

"आजी, मी चुकले. तुम्ही खरं बोलत होता."

"मग आता काय, मिरवणूक काढतेस माझी?" म्हातारी खेकसली. मग मऊ झाली. "बस. माझी सून सोन्यासारखी आहे हो. चोर आहे, पण सोन्यासारखी आहे. माझं सगळं करते, तोंड वाकडं करत नाही. पण लेक आत सडतोय माझा, आणि तो गाढव आहे, चोर नाही."

"तुम्ही तिला समजावलंत?"

"रोज. म्हणते, मी सांगितलं होतं, त्यांना नको होतं."

मावशी खाटेवर सरकून बसली. डोळ्यांत ती नेहमीची चमक आली, जी बघून बाजारातली माणसं रस्ता बदलायची.

"आजी, तुम्हाला पडता येतं का?"

"खुबा मोडलाय माझा बाई!"

"जोरात नाही हो. नाटकात पडतात तसं. आधी डोळे फिरवायचे, मग बाकावरून घसरायचं, लोण्यासारखं. मी शिकवते."

म्हातारीने बारीक डोळ्यांनी तिला बराच वेळ न्याहाळलं. मग तिचे पातळ ओठ पहिल्यांदाच फाकले. तोंडात दातच नव्हते.

कोर्टात त्या दिवशी गर्दी बेताची. जजसाहेब पंख्याखाली घाम पुसत होते. एका बाजूच्या पिंजऱ्यात दीर, वाळलेला, भेदरलेला, मधूनच "वहिनी" म्हणून बघणारा. दुसऱ्या बाजूला सून. राखाडी झगा, पडलेले खांदे, सुटलेली बट. मधे जमिनीवर मुद्देमाल म्हणून एक तागा आडवा टाकलेला. बाकावर म्हातारी, तिच्या शेजारी मावशी.

भाचा रंगात आला होता. "साहेब, या मनगटांकडे पाहा! या तागा उचलतील? अहो, यांना पाण्याचा हंडा उचलवत नाही! बाईच ती, बिचारी—"

मावशीने म्हातारीला कोपर मारलं.

म्हातारीने डोळे फिरवले. "अगं आई गं," म्हणत ती बाकावरून घसरली. लोण्यासारखी घसरायची, पण शेवटी धपकन आपटली. हे शिकवलेलं नव्हतं. खरंच पडली की काय?

कोर्ट उभं राहिलं, पण जागेवरून हललं कोणी नाही. शिपाई पाणी आणायला धावला. तोवर सून मधली फळी ओलांडून आली होती. ती वाकली नाही. एक गुडघा टेकला, म्हातारीचा दंड आपल्या मानेमागे घेतला, दुसरा हात गुडघ्यांखाली घातला आणि कमरेतून एक हिसका दिला. म्हातारी वर. खांद्यावर. आडवी. तागा चढवावा तशी.

झग्याच्या दोन्ही काखा एकदम फाटल्या.

आणि मग मावशीला ते दिसलं. खांद्यावरच्या म्हातारीने सुनेच्या मानेला सवयीने घट्ट विळखा घातला. शुद्ध गेलेलं माणूस विळखा घालत नाही. सुनेला ते तिथल्या तिथे कळलं. तिची नजर गर्रकन फिरली, मावशीवर येऊन थांबली.

तो एक क्षण होता. तिला डगमगता आलं असतं. कण्हता आलं असतं, गुडघे मोडून म्हातारीसकट खाली बसता आलं असतं. ऐरणीपुढे केलं होतं तसं. भाच्याने उरलेलं सांभाळून घेतलं असतं. मायेपोटी अंगात बळ आलं, म्हणाला असता. मावशी श्वास धरून तिच्या गुडघ्यांकडे बघत होती.

गुडघे हलले नाहीत. सून सरळ उभी राहिली. पिंजऱ्यातल्या दिराकडे बघितलं. मग म्हातारीला हलकेच बाकावर टेकवलं, मधे जाऊन तो मुद्देमालाचा तागा तसाच गुडघ्याने उडवून खांद्यावर घेतला आणि जजसाहेबांपुढे उभी राहिली.

"कुठे ठेवू साहेब?"

सरकारी वकिलाचं तोंड उघडं. दिराचा वकील जागा झाला होता.

"दिराला काही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज दाखवते."

पुढचं भराभर झालं. पोलिसांना नव्याने तपास करावा लागला. गोदामाचे हमाल एकेकटे येऊन, इकडेतिकडे बघत, खरं बोलून गेले. दीर सुटला. सून आत गेली, आणि कालपर्यंत जिला बघून बायका डोळे पुसत होत्या तिच्याबद्दल बाजारात वेगळंच सुरू झालं. राक्षसीण. पुरुषच आहे मेली. सासूला आपटायलाच उचललं होतं तिने, असंही कोणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांच्या तोंडी तेच, "बाई असून!"

एका वाक्यातून काढून मावशीने बाईला दुसऱ्यात ढकललं होतं. टोपीवालीच्या वाक्यात.

भाचा आठवडाभर बोलला नाही. मग एक दिवस आला, रागातच, आणि रागात ऐरणीवरून धडपडला.

"माझी केस बुडवलीस तू."

"केस कुठे बुडली? झगा बुडाला. आता खरीखुरी केस लढ तिची. पुरुष असता तर जेवढी शिक्षा मागितली असतीस, तेवढीच माग. वर एक दिवस नको, खाली नको."

"ते मलाही कळतं. पण ती ऐकत नाही. मी म्हटलं थोडी पश्चात्तापी दिस, निदान शाल घे. तर म्हणते, मला माझा गोदामातला एप्रन पाठवा."

एप्रन म्हातारीच्या घरी खुंटीला होता. मावशी आणायला गेली तेव्हा दीर आईला न्हाणीत नेत होता. तीनदा टेकवली, दोनदा भिंतीला धडकवली. म्हातारी शिव्या घालत होती. "अरे गाढवा, गुडघा टेक आधी! तिने कसं केलं ते पाहिलंस ना सगळ्या कोर्टासमोर!" मग मावशीला बघून म्हणाली, "तिला सांग, हा शिकेपर्यंत मी मरत नाही. आणि ती येईपर्यंतही नाही."

मावशीने एप्रन धुतला, इस्त्री केला. निळा, जाड कापडाचा, उजव्या खांद्यावर झिजून पांढरा पडलेला. तो खांदा बघूनच मावशीला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी तिने एप्रन मागितलाच नव्हता. तिने बिचारी काढून दिली होती.

सुनावणीला सून तो एप्रन घालून उभी राहिली. बाह्या कोपराच्या वर. केस घट्ट, एकही बट नाही. मान वर. रडणं नाही, हसणंही नाही. भाचा तिच्या शेजारी, पहिल्यांदाच मनगटांबद्दल काही न बोलता.

जजसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "बाई, खरं सांगा. हे सगळं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

सुनेने मागे वळून मावशीकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

मावशीने तोंडात रुमाल कोंबला. पण हसू पोटातून आलं होतं, ते रुमालाला कुठलं ऐकतंय! तिच्या शेजारी बिनदाताची म्हातारी हसायला लागली, मग दीर, मग कठड्यापाशी उभा असलेला एक हमाल. जजसाहेबांनी टेबल आपटलं. शिपायाने मावशीचा दंड धरून तिला दाराबाहेर काढलं.

बाहेर पायरीवर ती डोळे पुसत बसली. आतून भाच्याचा आवाज येत होता. "साहेब, प्रश्नाला हरकत आहे," तो म्हणत होता. "तिचं म्हणणं आहे, कोणीही नाही. आणि या वेळी ते तसंच लिहून घ्यावं, अशी विनंती आहे."

मावशीने कान दाराला लावला. लिहून घेतात की नाही, ते ऐकल्याशिवाय ती तिथून उठणार नव्हती.